ओलं फडकं

डुकरांनी दगूबाईचा भुईमूग उकरून ठेवला होता. वाफेच्या वाफे उलटे पडलेले, पाला सुकायला लागलेला, आणि मे महिन्याचं ऊन सकाळीच डोक्यावर चढलेलं. नवनीत त्या उकरलेल्या मातीत उकिडवा बसून उरल्यासुरल्या शेंगा वेचत होता. शेजारी दगूबाई बसली होती आणि शिव्या देत होती. डुकरांना नाही, स्वतःला.

"मीच मारी टाकी ती बॅटरी," ती म्हणाली. "मन्हीच अक्कल चरायले गई व्हती."

नवनीतचा हात शेंगेवरच थांबला. दगूबाई त्याची चुलत काकू. कोरीटच्या शिवारात दोघांची वावरं बांधाला बांध लागून. काका गेल्यापासून तिच्या शेतातली मोटार, कुंपणाची तार, त्या तारेत बॅटरीवर करंट सोडणारं झटका मशीन, सगळं तोच बघायचा, आणि ती त्याच्यावर डोळे झाकून सोडून द्यायची.

"काय करं तू, काकू?"

"पानीनी बॅटरी व्हती तव्हय तिले दर सोमवारे पानी पाजूत. हाई नवी लिथियमनी. इले झाकनच नही, पानी घालाले जागाच नही. एवढं ऊन, पेटी नुसती तापी जास. मले दया उनी. माठवर ठेवतस तसं वल्लं फडकं ठेवं मी तिन्हावर. रोज ठेवं. तेच पानी आतमा गयं व्हई. तारमा झटका नही, मंग डुकरं काय थांबतीन?"

मुक्या पेटीला ऊन लागतं म्हणून जीव तुटणारी बाई ही. नवनीतला एरवी पोट धरून हसू आलं असतं. आज आलं नाही, कारण बॅटरी फडक्यानं बंद पडली नव्हती हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दोघांच्या जुन्या बॅटऱ्या एकदमच बसल्या, तेव्हा तोच नंदुरबारला जाऊन दोन लिथियमच्या घेऊन आला होता. दुकानदार भूपेशनं तेव्हाच बजावलं होतं, की सौर पॅनलचा करंट बॅटरीत सोडणारा कंट्रोलर लिथियमचाच पाहिजे. पाण्याच्या बॅटरीचा कंट्रोलर मधूनमधून जास्त दाब देतो. तो दाब पाण्याच्या बॅटरीला मानवतो, लिथियमला नाही. ती जीव वाचवायला आतून कुलूप लावून घेते. दुकानात तसा कंट्रोलर एकच शिल्लक होता. दुसरा येईपर्यंत दुसरी बॅटरी जोडू नका, असंही भूपेश म्हणाला होता.

नवनीतनं तो एक कुणाला लावला? स्वतःच्या वावरात. काकूचा कंट्रोलर आधीच जळालेला, म्हणून स्वतःचा जुना काढून तिला लावून दिला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्यानं मनाला समजावलं. पुढे दुसरा आल्याचा भूपेशचा फोनही आला. पण आज पपईला पाणी, उद्या लग्न, परवा कंटाळा. स्वतःची तार टकटक वाजत असली की माणसाला दुसऱ्याच्या तारेची घाई नसते.

"उठ, काकू. पेटी दखूत," तो म्हणाला.

बांधावर उघड्या उन्हात पेटी होती. वर फडकं अजून ओलं होतं. दगूबाईनं ते अपराध्यासारखं उचलून हातात धरलं. नवनीतनं झाकण उघडलं. कंट्रोलरचा दिवा बंद होता, आणि त्याच्या कडेला कुंकवाचं वाळलेलं बोट उमटलेलं होतं.

दगूबाईनं ते बोट दाखवलं. "तुले एक सांगू? तू हाई डबं लावं तव्हयच मी दखं व्हतं. हाई दसरानं कुंकू शे, तुन्ही बायको दीपमालानं लावेल. मले वाटनं, नवं कसं निघी कोन जाने, म्हनीसन तू आपलं पूजेल, चालतं डबं मले दिन्हं, आन नवं आपल्या गळामा बांधी लिधं. गावभर सांगं मी, पोऱ्या ऱ्हावा तर असा. आन मी काय करं? तुन्हा डबावर पानी घाली दिन्हं."

नवनीतला वाटलं, हिनं आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

"आते मीच राखन बससू," ती पुढे म्हणाली. "चूक मन्ही. उरेल भुईमूग तरी वाची."

साठी उलटलेली ही बाई काठी घेऊन डुकरांपुढे बसणार, आणि तेही त्याच्या चुकीपायी. गप्प बसला तर कुणाला कधी कळणार नव्हतं. फडकं होतंच दोष घ्यायला.

"काकू, फडकानं काही व्हयेल नही," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "बॅटरी मरेल नही. हाई डबं तिले चालस नही. दुकानवालानी मले सांगेल व्हतं. चांगलं डबं एकच व्हतं, ते मी मन्हा वावरमा लावं. तुले हाई दिन्हं. ठाव असूनसन दिन्हं."

दगूबाईनं कुंकवाकडे पाहिलं, उकरलेल्या वाफ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "पेचकस कुठे शे तुन्हा?"

त्यानं पेचकसानं स्क्रू सोडवून स्वतःच्या वावरातला कंट्रोलर काढून आणला. त्याचा खटका लिथियमच्या खुणेवर आहे ना ते पाहिलं, तारा जोडल्या, पॅनल लावलं. थोड्या वेळानं हिरवा दिवा लागला. बॅटरीनं आतलं कुलूप काढलं, आणि मशीन टक, टक वाजू लागलं. दगूबाई शेवटच्या खांबापर्यंत जाऊन कान देऊन आली.

"आन तुन्हा वावरमा?" तिनं विचारलं.

"नंदुरबारहून नवं आनसू. तोलोंग मी बसस राखन."

"बस," ती म्हणाली.

तिनं फडकं कळशीत बुडवलं, पिळलं, नीट चौपदरी घडी केली आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"हाई तुले लागी," दगूबाई म्हणाली. "बॅटरीले तर कव्हय लागतच नव्हतं."

पाणी त्याच्या मानेवरून खाली उतरत होतं. त्यानं ते पुसलं नाही. ती शेंगांची पाटी कमरेला लावून बांधानं चालू लागली, आणि तो फडकं डोक्यावर तसंच ठेवून आपल्या मुक्या तारेकडे निघाला.