यंदा लहान कुत्रा बरा

रेणुकादास गुरुजींनी एकतीस वर्षांत फळ्यावर हजारो वाक्यं लिहिली आणि आपल्याच हातांनी पुसली. त्यातलं एक चार शब्दांचं वाक्य मात्र पुसूनही त्यांच्या मनातून जाईना. त्याची ही गोष्ट.

लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'नवा जिल्हा'च होता. नवी कचेरी आली, नव्या पाट्या आल्या, साहेबलोकांची नवी वसाहत आली. पाऊस तेवढा दोन वर्षं धड आला नव्हता. नळ आठव्या दिवशी यायचा, तोही तासभर. टँकर गल्लीत शिरला की घागरींची रांग लागायची आणि रांगेत उभं राहून माणसं एकमेकांच्या घरातल्या पाण्याचा हिशेब तोंडपाठ म्हणायची.

शाळा सकाळची झाली होती. गुरुजींच्या चौथीच्या वर्गात त्या वर्षी पुण्याकडून बदलून आलेल्या एका साहेबांची मुलगी होती, विनीता. तिच्या घरी जूली नावाची पांढरी, लोकरीच्या गुंड्यासारखी कुत्री होती. आणि गंजगोलाईच्या बाजारातल्या पेंड-सरकीच्या दुकानदाराची, ईश्वरप्पाची मुलगी रुद्राणी होती. तिच्या घरी कोतवाल होता. कारवानी जातीचा शिकारी कुत्रा, उंच, पोट आत गेलेला, मातकट रंगाचा. रुद्राणीच्या खांद्याला त्याचं डोकं लागायचं.

कुणाचं कुत्रं चांगलं, यावरून दोघींचं दोन दिवस वाजलं. वर्गाच्याही दोन फळ्या झाल्या. गुरुजींचा एक शिरस्ता होता. वर्गातलं भांडण ते दाबत नसत, फळ्यावर घेत. मधोमध रेघ मारायची, दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहायचं, सगळ्यांचं ऐकायचं आणि मग मुलांनाच विचारायचं. शनिवारी त्यांनी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'मोठा कुत्रा', दुसऱ्या बाजूला 'लहान कुत्रा'.

"जूली मांडीवर बसते," विनीता म्हणाली. "इकडे येताना गाडीत पिशवीत बसून आली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"आमचा कोतवाल पिशवीत मावत न्हाई," रुद्राणी उठून म्हणाली. "पण पिशवी पळवणाऱ्याला सोडतबी न्हाई."

वर्ग हसला. गुरुजींनी दोन्ही मुद्दे लिहून घेतले.

"लहान कुत्रं उगी भुंकतंय, गुरुजी," मागून निवृत्ती म्हणाला. "पान हललं तरी भुंकतंय. मोठं कसं, कामापुरतं भुंकतंय."

"मोठ्याच्या भ्यानं पोस्टमन येत न्हाई," पंचफुला म्हणाली. "आमच्या शेजारी हाय ना तसलं. मामाचं पत्र मोरीपाशी टाकून गेला."

"जूलीला रोज विंचरावं लागतं," विनीतानं प्रामाणिकपणे कबूल केलं. "नाहीतर गाठी होतात. आणि उन्हात तिला धाप लागते."

"मोठी जात लवकर थकते, हेही लिहू या," गुरुजी म्हणाले. "आठ-दहा वर्षांत. लहान जात चौदा-पंधरा वर्षंही जगते."

हे ऐकून रुद्राणी पुन्हा उठली. मग म्हणाली, "लहान कुत्र्याला आपण सांभाळायचं असतं, गुरुजी. मोठं आपल्याला सांभाळतं."

गुरुजींना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते जसंच्या तसं फळ्यावर घेतलं. तास तिथंच संपला असता तर बरं झालं असतं. पण चांगल्या शिक्षकाला एक मोह असतो, धडा आजच्या दिवसाशी नेऊन भिडवायचा. गुरुजींनी विचारलं, "आणि यंदाच्या वर्षी काय? कोण किती खातं, किती पितं?"

"जूली अर्धी पोळी खाते. आणि वाटीभर पाणी."

"कोतवाल तीन भाकरी खातो," निवृत्ती ओरडला. "अन् अर्धी बादली पानी."

गुरुजींनी दोन्ही आकडे समोरासमोर लिहिले. वाटी आणि बादली. सगळा वर्ग त्या आकड्यांकडे बघत राहिला. रुद्राणीचा हात वर होता. तो गुरुजींना दिसला. पुढं कितीही वेळा त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं, तरी तो दिसला नव्हता असं त्यांना म्हणता येईना. घंटेला पाच मिनिटं उरली होती आणि धड्याला सुरेख टोक आलं होतं.

"हात खाली, रुद्राणी. तुझं दोनदा बोलून झालं."

आणि त्यांनी खाली लिहिलं, 'निर्णय : यंदा लहान कुत्रा बरा.' मुलांनी ते वहीत उतरवलं. घरी वाचून दाखवा आणि वडिलांची सही आणा, असं सांगून गुरुजींनी तास संपवला. सहीचा नियम त्यांचा जुना. त्यामागं मतलब एवढाच, की आईबापांनी आठवड्यातून एकदा तरी पोराची वही उघडावी.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रुद्राणीनं एकदाही हात वर केला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची आणि खाली बसायची. गुरुवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी तिला थांबवलं.

"वही दाखवली नाहीस तू अजून."

तिनं वही दिली. निर्णयाच्या खाली ईश्वरप्पाची ठसठशीत सही होती.

"कोतवाल गेला, गुरुजी."

"गेला म्हणजे?"

"मुदखेडला. पेंडीचा ट्रक रिकामा चालला होता, त्यात घालून दिला. बसलिंगमामाकडं." ती वहीकडं बघत बोलत होती. "अप्पा म्हणले, गुरुजींनी लिहिलंय."

गुरुजी खुर्चीवर टेकले. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुझा हात वर होता. काय सांगायचं होतं तुला?"

"तो गाईच्या घमेल्यातलं उरलेलं पानी पितो. निराळं कुणी देतच न्हाई त्याला. अन् भाकर एकच खातो. निवृत्ती आमच्या घरी कधी आलाय, त्याला काय ठावं?"

एवढं बोलून तिनं वही दप्तरात ठेवली आणि ती गेली. गुरुजींनी एकतीस वर्षं पोरांना सांगितलं होतं, ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय लिहू नये.

संध्याकाळी ते गंजगोलाईत गेले. ईश्वरप्पाही लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं लगबगीनं गादी झटकली. आतल्या बाजूला त्याची अव्वा, म्हणजे आई, नागम्मा, गळ्यातलं लिंग मुठीत धरून, जप करत बसली होती.

"ईश्वरप्पा, अरे तो वर्गातला अभ्यास होता," गुरुजी म्हणाले. "मुलांनी विचार करायला शिकावं म्हणून. तुझ्या कुत्र्याचा निवाडा करणारा मी कोण?"

"तसं न्हाई, गुरुजी." ईश्वरप्पा पोत्यावर बसला. "दोन महिन्यांपासून गल्ली बोलून राहिली, माणसाला पानी न्हाई अन् ह्ये हत्ती पोसून राहिले. मी टाळत होतो. त्यात पोरीनं तुमचं वाचून दाखवलं."

"पण तो भाकर किती खातो, तुला माहीत होतं ना?"

"हाव. ठावं होतं."

"मग सही कशी केलीस?"

ईश्वरप्पा ओशाळला. "तुम्ही सही मागितली, मी केली. पोरीनं वाचून दाखवलं ते नंतर. अन् आमच्या धंद्यात कसंय, गुरुजी, लिहिल्याखाली सही झाली की बोलणं संपलं. मग अव्वा म्हणली, गुरुजींचा शब्द अन् वर तुझी सही. आता ठेवलास तर पोरीला काय शिकवशील?"

आतून नागम्माचा आवाज आला. जप न थांबवता ती म्हणाली, "तो बसायचा त्या हुंबऱ्याकडं मी तर रोज बघते, मास्तर. भाकरीचा तुकडा हातातच राहतो."

गुरुजी घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून चंद्रप्रभाबाईंनी सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरांना नापास करताना दहा वेळा पेपर तपासता. कुत्र्याला एका फटक्यात नापास केलंत होय?" बोलून गेल्या आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी रविवारसाठी दशम्या बांधून दिल्या.

रविवारी पहाटेच्या एसटीनं गुरुजी निघाले. अहमदपूर, लोहा करत नांदेड आणि तिथून पुढं मुदखेड. वाटेत रानं उघडी पडली होती. कोतवालाला परत आणायचं, त्याच्या वाटणीचं पाणी आपल्या घागरीतून द्यायचं, असा बेत त्यांनी लोह्यापर्यंत पक्का केला. आपण किती सहज सुटायला बघतोय, हे नांदेड येईस्तोवर त्यांच्या ध्यानात आलं होतं. तरीही त्यांना तेच हवं होतं.

रुद्राणीचा मामा बसलिंगप्पा स्टेशनाजवळ राहायचा. गुरुजींनी ओळख सांगितली तशी त्याची बायको पार्वतम्मा पाणी आणायला म्हणून आत गेली ती बाहेरच आली नाही. बसलिंगप्पा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

"बुधवारी दावं तोडून गेला, गुरुजी. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं न्हाई. म्हणलं, रुळंल. सकाळी बघतो तर नुसतं अर्धं दावं."

"ईश्वरप्पाला कळवलंस?"

"कोण्या तोंडानं कळवू? रोज नांदेडपर्यंत सायकल मारून येतोय. गोदावरीच्या पुलावर एकानं बघितला म्हणं."

गुरुजी पाण्यासाठी थांबले नाहीत. परतीच्या वाटेवर ते लोह्याला उतरले आणि स्टँडच्या आसपास एकेकाला विचारत फिरले. एका टरबूजवालीनं सांगितलं, की शुक्रवारी असा एक उंच कुत्रा आला होता, गळ्यात तुटकं दावं. मोरीतलं पाणी प्याला आणि अहमदपूरच्या रस्त्याला लागला. "लंगडत होता," ती म्हणाली. "पर थांबला न्हाई."

मुदखेडहून लातूर दीडशे किलोमीटर. त्यात उन्हाळा तोंडावर आणि विहिरींना तळ लागलेला. पुढच्या एसटीत गुरुजी त्या हिशेबापाशी येत आणि मागं फिरत.

सोमवारी शाळेआधी ते ईश्वरप्पाच्या दुकानी गेले आणि सगळं सांगितलं. ईश्वरप्पानं तोंडावरून हात फिरवला.

"पोरीला सांगू नका, गुरुजी. मुदखेडला मजेत हाय म्हणा. तिथं पानी हाय, रेल्वे हाय. दोन महिन्यांत विसरंल."

गुरुजींना तो सल्ला क्षणभर फार गोड वाटला. मुलगी पुन्हा हात वर करील. निवांतपणे पुढच्या वर्गात जाईल. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं आणि त्यांच्या अंगावरचं ओझं तर कुणाला दिसणारही नव्हतं.

"तिचं एकदा ऐकून घेतलं नाही, ईश्वरप्पा," ते म्हणाले. "आता तिला खोटं सांगू?"

मधल्या सुट्टीत त्यांनी रुद्राणीला बोलावलं आणि काहीही न गाळता सांगितलं. दावं तोडलं ते, अन्न सोडलं ते, लंगडत होता तेही. सांगून झाल्यावर म्हणाले, "चूक माझी झाली. मी तुला बोलू द्यायला हवं होतं. निवृत्तीचा आकडा पडताळायला हवा होता. तुझ्या अप्पांना बोल लावू नकोस."

रुद्राणी रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कोण्या पायानं लंगडत होता?"

"ते मी विचारलं नाही."

तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की गुरुजींनी मान खाली घातली.

"पुढचा डावा असंल," ती म्हणाली. "मागं काच लागली होती त्याला. उन्हाचा न्हाई चालत तो. सावलीला बसतो, पुलाखाली बसतो. माणसाला विचारून काय व्हतंय? पूल बघावं लागतील."

"मी बघतो. येत्या रविवारी पुन्हा जातो."

"तुम्हाला हाक मारता येत न्हाई त्याला," ती म्हणाली आणि वर्गात गेली. त्या दिवशीही तिनं हात वर केला नाही.

रविवारपर्यंत थांबावं लागलं नाही. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. घरात वर्षाचा सण आणि उपास असताना ईश्वरप्पा पोरीला घेऊन पहाटेच स्टँडवर आला. गुरुजी आधीच तिथं उभे होते. दोघांनी काही ठरवलं नव्हतं. एकमेकांना बघून दोघंही जरा गोंधळले.

"अव्वानंच धाडलं," ईश्वरप्पा म्हणाला. "म्हणली, पूजा मी बघते, तू पूल बघ."

रुद्राणीच्या हातात फडक्यात बांधलेली एक भाकर होती आणि बगलेत पाण्याची बाटली. एसटी लागली तशी सगळ्यांच्या आधी चढून तिनं खिडकीची जागा धरली. ईश्वरप्पा तिच्या शेजारी बसला. गुरुजी मागं कुठं तरी बसावं म्हणून निघाले.

"तिकडं नको," रुद्राणी म्हणाली. तिनं पलीकडच्या रांगेतल्या खिडकीकडं बोट दाखवलं. "तिथं बसा. तुम्ही ती बाजू बघा, मी ही बघते. अन् डुलकी घ्यायची न्हाई."

"नाही घेणार," गुरुजी म्हणाले.

गाडी गावाबाहेर पडली. गुरुजींनी चष्मा पुसून घेतला, खिडकीची काच सरकवली आणि तोंडावर धूळ येत असतानाही पहिल्या पुलापासून बघायला सुरुवात केली.