हसरं दूध

"रडलं! रडलं! बघा, दूध रडलं!"

अख्खा हॉल उभा राहिला. मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्यांवर पाय दिले, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या खांद्यांवर हात दिले. समोर स्टेजवर पांढरं मेजपोस घातलेलं टेबल, टेबलावर काचेचे दोन ग्लास, दोन्हींत वाफाळतं दूध. धवलगुरूंनी डावीकडच्या ग्लासात चमचाभर 'सत्यजल' सोडलं होतं. दुधाच्या गुठळ्या झाल्या आणि खाली पिवळट पाणी उरलं.

"हे गाईचं दूध, बंधूंनो आणि भगिनींनो," धवलगुरू गहिवरल्या आवाजात म्हणाले. "तुमच्या लेकराच्या पोटात हे रोज असंच रडतं. त्याला झोप नाही, तुम्हाला झोप नाही. आणि आता हे पाहा माझ्या शेळीमाईचं मंत्रसिद्ध दूध! सत्य एक, दूध दोन!"

उजवीकडच्या ग्लासात तेच सत्यजल पडलं. दूध फसफसलं, फेस काठापर्यंत चढला, आणि गुठळी? औषधालासुद्धा नाही.

"हसलं!" गुरूंनी हात पसरले. "दूध हसलं!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. स्टेजच्या कोपऱ्यात बांधलेली शेळीमाई दचकली. तिच्या अंगावर गुडघ्यापर्यंत लोंबणारी मखमली झूल होती. एवढ्या गर्दीत शहाणपणाने गप्प बसलेली ती एकटीच. नाही म्हणायला तिसऱ्या रांगेत आणखी एक बाई हाताची घडी घालून बसली होती.

त्या लाँड्रीवाल्या काकू. गेली चौतीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी त्यांची लाँड्री होती आणि अख्ख्या गल्लीची अब्रू त्यांच्या दोरीवर वाळत होती. लोक माणसाचा चेहरा बघतात, काकू कॉलर बघत. धवलगुरूंची कॉलर कडक होती. 'खळ घातलेला आहे मेला,' काकू मनात म्हणाल्या. 'पाण्यात बुडवला तर अर्ध्या तासात मऊ पडेल.'

पण त्यांच्या शेजारी बसलेल्या सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या मांडीवर दहा महिन्यांची नात होती. एवढ्या गोंगाटातही ती मान टाकून पडली होती. दोन महिन्यांपूर्वी हीच पोरगी काकूंचा चष्मा ओढून तोंडात घालायची. आता चष्मा तिच्या नाकासमोर नाचवला तरी हात उचलत नव्हती.

घरी आल्यावर सूनबाई गुरूंच्या दुधाची बाटली गरम करायला लागली, तशा काकूंनी तोंड उघडलं.

"अगं, चमचाभर मऊ भात तरी भरव तिला. बघ कशी पिवळी पडलीय."

"नव्वद दिवस दुसरं काही द्यायचं नाही, आई. पंचेचाळीस झालेत. मधेच मोडलं तर दूध उलटतं म्हणालेत गुरुजी."

"आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेले रक्तवाढीचे थेंब?"

"बंद करायला सांगितलेत."

"कुणी? ज्याला स्वतःची बाही दुमडता येत नाही त्यानं?"

मुलगा शर्टाची बटणं लावत म्हणाला, "आई, यातलं तुला कळत नाही. तू शिकलेली नाहीस."

"नाही शिकले," काकू म्हणाल्या. "दुसरीत शाळा सुटली. पण तू बी.कॉम. झालास तो माझ्याच साबणाच्या फेसावर. तो फेससुद्धा असाच हसायचा, पण मी कुणाला तिकीट लावलं नाही."

मुलगा निघून गेला. सूनबाईने बाळाच्या तोंडाला बाटली लावली. तिचे डोळे खोल गेले होते. काकूंना एकदम आठवलं. मध्ये बाळाचं पोट बिघडलं होतं, तीन आठवडे या पोरीला झोप नव्हती, आणि एका सकाळी आपणच चारचौघींत म्हणालो होतो, 'हिच्या हाताला गुणच नाही.' त्यानंतरच्या रविवारी ती हॉलमध्ये गेली. आपण सुई टोचली आणि त्यानं मलम विकलं. दोष त्याचा खरा, पण भोक आपण पाडलं होतं.

काकूंनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशीही मागितली नाही. पण दुसरा टोमणा जिभेवर आला होता, तो मात्र त्यांनी गिळला. त्यांच्या मानाने हे फार झालं.

दोन दिवसांनी गुरूंचा शिष्य लाँड्रीत गाठोडं घेऊन आला. चाळिशीचा, घामाघूम, दर वाक्याला 'गुरुकृपा' म्हणणारा. गाठोड्यात एक पांढरा झगा, टेबलावरचं मेजपोस आणि शेळीची मखमली झूल.

"झग्यावर जेवताना रस्सा सांडलाय, काकू. रविवारपर्यंत दुधासारखा पांढरा हवा. गुरुकृपा."

काकूंनी झगा उजेडात धरला. छातीवर हळदीचा डाग, तळहाताएवढा. अर्धा पिवळा आणि अर्धा लालभडक.

"घरी साबण लावलात का याला?"

"छे हो! तसाच आणलाय."

"सोडा? पावडर?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही. डाग पडला, मग गुरुजींनी दूध सिद्ध केलं, तेव्हा थोडं अंगावर उडालं, तेवढंच."

"बरं," काकू म्हणाल्या. "ठेवून जा."

शिष्य गेला आणि काकू स्टुलावर बसल्या. हळदीचा डाग साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात लाल होतो, हे जगातल्या कुठल्याही धुणाऱ्या बाईला ठाऊक असतं. नवीन गिऱ्हाईक बोंब मारतं, 'रक्त लागलं माझ्या शर्टाला!' मग काकू त्यावर लिंबू पिळतात, की डाग परत पिवळा. पण दुधानं हळद लाल झालेली त्यांनी चौतीस वर्षांत पाहिली नव्हती.

मग त्यांनी झूल उलटी केली. दोन महिने ही झूल त्या शेळीच्या अंगावर होती. केस होते, शेण होतं, चाऱ्याची काडी होती. दुधाचा एक डाग नव्हता. वास नाही, कडक झालेला ठिपका नाही. आणि रोज दोनशे बाटल्या विकल्या जात होत्या.

काकूंनी सूनबाईला हाक मारली. येताना बाळाची बाटली, घरचं गाईचं दूध आणि एक लिंबू आण म्हणाल्या.

"हे बघ," काकूंनी हळदीचं पाणी लावून वाळवलेलं फडकं तिच्यासमोर टाकलं. "मी बोट लावणार नाही, नाहीतर म्हणशील म्हातारीनं काहीतरी केलं. तूच कर. आधी घरचं दूध टाक."

सूनबाईने टाकलं. फडकं ओलं झालं, पिवळं ते पिवळंच.

"आता बाटलीतलं."

थेंब पडला आणि त्याच्याभोवती विटेच्या रंगाचं वर्तुळ पसरलं. सूनबाईने आणखी एक थेंब टाकला. आणखी एक.

"यात काय आहे, आई?"

"माझ्या डब्यात आहे तेच." काकूंनी खाण्याच्या सोड्याचा डबा पुढे सरकवला. "घरचं दूध गरम कर, त्यात चमचाभर हे घाल, आणि मग लिंबू पिळ."

सूनबाईने केलं. गाईचं दूध फसफसलं. ग्लासाच्या काठापर्यंत फेस आला, आणि गुठळी नाही.

"हसलं," सूनबाई पुटपुटली.

"हसणारच. सोड्यात आंबट पडलं की वायू सुटतो, आणि आंबटाचा सगळा जोर सोडाच खाऊन टाकतो. दुधाला फाटायला काही उरतच नाही. ते सत्यजल म्हणजे लिंबाचं पाणी, नाहीतर आपण गंजाचे डाग काढायला वापरतो ते लिंबाचं सत. गाईच्या ग्लासात सोडा नाही, म्हणून ते रडलं."

सूनबाईने ग्लास खाली ठेवला. "मी पंचेचाळीस दिवस तिला हे पाजलं, आई."

आता बोलायची संधी होती, आणि काकूंची जीभ अशा संधीवर वाढलेली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तू झोपली नव्हतीस. आणि मी तुला झोपू दिलं नाही. ऊठ, बाळाला घे, आधी डॉक्टरीणबाईंकडे. त्या मेल्याचं रविवारी बघू."

डॉक्टरीणबाईंनी बाळाची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासलं. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "रक्त बरंच कमी झालंय, पण भरून येईल. थेंब आजपासून सुरू. भात, डाळ, भाज्या, फळं, सगळं मऊ करून द्यायचं. आणि अंगावरचं दूध येत असेल तर तेही."

"बाई, पण शेळीचं दूध हलकं असतं ना?" सूनबाईने विचारलं. "आणि गाईचं पोटात फाटतं म्हणतात…"

डॉक्टरीणबाई हसल्या. "सगळ्यांच्याच पोटात सगळंच दूध फाटतं. पोटात लिंबापेक्षा कडक आम्ल असतं. दूध फाटतं म्हणून तर नीट पचतं! शेळीच्या दुधाची गुठळी जरा मऊ होते, काहींना ते बरं वाटतं, एवढं खरं. पण दुधातली साखर दोन्हींत जवळजवळ सारखीच. ज्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, त्याला बहुतेक वेळा शेळीचंही चालत नाही. रक्त वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, ते शेळीच्या दुधात फारच कमी. लोह दोन्हींत कमी. म्हणून वर्षाच्या आतलं बाळ नुसत्या गाईच्याही दुधावर ठेवायचं नाही आणि नुसत्या शेळीच्याही."

"आणि आम्ही मोठ्यांनी?" काकूंनी विचारलं.

"जे मिळतं, परवडतं, चवीला आवडतं, ते उकळून प्या. गाय काही वैरीण नाही आणि शेळी काही देवी नाही."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. धवलगुरू नव्या झग्यात आले, जुना अजून लाँड्रीत होता. डावीकडचं दूध रडलं. उजवीकडच्या ग्लासाकडे चमचा वळला, तेवढ्यात सूनबाई स्टेजच्या पायऱ्या चढली. बाळ काकूंच्या कडेवर होतं.

"गुरुजी, थांबा. आधी हे हळदीचं फडकं दुधात बुडवू द्या."

"मुली, अविश्वासू हातानं दूध रुसतं," गुरू गोड हसून म्हणाले.

"हात अविश्वासू?" तिसऱ्या रांगेतून काकूंचा आवाज आला. या आवाजाने चौतीस वर्षं रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकांना हाका मारल्या होत्या, त्याला माईक लागत नव्हता. "पंचेचाळीस दिवस श्रद्धेनं तुमच्या बाटल्या धरलेला हात आहे तो! याहून विश्वासू कुठून आणू? बुडव गं!"

फडकं बुडालं. पिवळं जाऊन लाल झालेलं वर आलं. हॉलमध्ये 'आ' झाला.

"कोप झाला!" शिष्य ओरडला.

"कोप झाला तर शांतही होईल," सूनबाई म्हणाली, आणि सत्यजलाची वाटी तिने फडक्यावर उपडी केली. फडकं परत पिवळं झालं. "दुधात सोडा आहे आणि सत्यजलात लिंबू. माझ्या सासूबाई रोज धुतात हे."

मग तिने पिशवीतून घरचं गाईचं दूध काढलं, सगळ्यांसमोर त्यात सोडा घातला, आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या हातून लिंबू पिळून घेतलं. दूध हसलं. आजोबाही हसले. हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं, पण या वेळी ते गुरूंच्या बाजूचं नव्हतं.

"सोडा पाचक असतो!" गुरूंचा आवाज चढला. "पण दूध शेळीमाईचंच आहे!"

"तिलाच विचारू की," काकू म्हणाल्या. बाळाला कडेवर सावरत त्या स्टेजवर चढल्या आणि कोपऱ्यात गेल्या. "दोनशे बाटल्या रोज. एवढं दूध देणारी शेळी मला एकदा बघू दे."

आणि त्यांनी झूल उचलली.

खाली सड होते, पण कास नव्हती. कोवळी पोर होती ती. अजून एकदाही व्यायली नव्हती.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ही तर कुमारिका निघाली! मग दोन महिने आम्ही प्यायलो कुणाचं? डावीकडच्याच ग्लासातलं ना? ग्लासात गाय, बाटलीत शेळी?"

हॉलमध्ये एकच गोंधळ उडाला. शिष्य 'गुरुकृपा' न म्हणताच मागच्या दारानं पसार झाला. गुरूंना मात्र हॉलच्या मॅनेजरनं पोलीस येईपर्यंत त्यांच्याच टेबलामागे बसवून ठेवलं. काचेच्या दोन ग्लासांमध्ये त्यांची कॉलर हळूहळू मऊ पडत गेली.

दोन महिन्यांनी एका सकाळी काकू हिशेबाची वही बघत होत्या. नातीनं त्यांच्या नाकावरचा चष्मा हिसकला आणि सरळ तोंडात घातला. काकू ओरडल्या नाहीत. "चाव," म्हणाल्या, "सगळे दात येईपर्यंत चाव. नवा घेऊ." आत सूनबाई भात मऊ करत होती. "आई, आज शेळीचं दूध मिळालंय," ती म्हणाली. "खऱ्या शेळीचं. चहा करून बघू का?"

"कर. आवडला तर पिऊ, नाही आवडला तर गाय कुठं पळाली नाही."

गुरूंचा झगा न्यायला कुणी आलं नाही. काकूंनी तो धुतलाही नाही. अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या लाल डागासकट तो लाँड्रीच्या दारात टांगला आहे. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा काकू सगळी गोष्ट सांगतात, आणि शेवटी सगळ्यांना एकच सांगतात. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याच्या बाटलीत काय आहे ते विचारा. टाळी वाजवायला दोन हात लागतात, झूल उचलायला एक पुरतो.