मायरिगचं प्रवचन आणि माझ्या खिशातला कागद

जरा जवळ सरका, शेगडीपाशी या. मायरिगची गोष्ट सांगतो. सांगताना माझ्या पोटात दुखेल, पण सांगेन खरी.

आमच्या या वेल्सच्या खोऱ्यात निम्मं गाव जोन्स. म्हणून माणूस कामावरून ओळखायचा: दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. मला, इदवल जोन्सला, 'वीजवाला' व्हायचं होतं. ओढ्यावर गावानं स्वतःचं जनित्र बसवलं, ती खटपट माझी. पण आमच्याच पाण्यावर झालेली वीज पुरवठा करणारी कंपनी घेऊन जायची आणि आम्हालाच महाग करून परत विकायची. ओढा वाहता असेल तेव्हा ती गावातच स्वस्तात मिळावी, एवढंच मागणं. सात वर्षं मी पत्रं लिहिली. चॅपेलमागच्या खोलीत सभा घेतल्या. माझे आकडे ऐकताना माझी सख्खी बहीण आयर्वेनसुद्धा पेंगायची.

मग एके दिवशी मेंढपाळ मायरिग उठला. त्याला आकडे येत नसत, पण आजोबा प्रवचनकार. बोलता बोलता जुन्या प्रवचनकारांसारखा त्याचा आवाज सुरात शिरे. दोनच सभांत खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. देवा, गळा त्याला आणि मला टंकयंत्र? प्रार्थनेतही मी हेच विचारायचो.

शेवटच्या सभेला कंपनीचे साहेब येणार होते. नेमकं त्याच सकाळी टपालानं कंपनीचं पत्र आलं. गावातल्या तारांना एवढा भार पेलणार नाही, हेच कंपनीचं इतकी वर्षं तुणतुणं; आणि पत्रात, त्या पेलतील अशी त्यांच्याच इंजिनिअरची कबुली. मी ते कोणाला दाखवलं नाही, कोटाच्या खिशात घातलं. म्हटलं, मायरिग अडेल, मग मी उठेन.

मायरिग गाऊ लागला. डोंगर कोणाचा, पाऊस कोणी पाठवला, आणि अंधारात राहायचं कोणी. माझे डोळे मिटले, तोंडून आमेन निसटलं, आणि माझाच मला राग आला. सूर शेवटच्या पायरीवर पोचला आणि साहेबांनी हात वर केला.

"गाता छान हो. पण इथल्या तारा हे पेलतील, याचा लेखी पुरावा आहे का?"

मायरिगनं माझ्याकडे पाहिलं. "पुरावे आमच्या इदवलकडे असतात, साहेब. मी नुसता बोंबलतो."

आयर्वेननं सकाळी पाकीट पाहिलं होतं. ती कानाशी पुटपुटली, "देवाच्या दारी बसून खिसा कशाला झाकतोयस?"

हीच माझी वेळ होती. उठायचं, घसा खाकरायचा, वाचायचं. पण प्रवचन आमेनच्या अलीकडे तुटलेलं मला जन्मात सोसलेलं नाही, आणि माझ्या कोरड्या आवाजात ते पुरं होणार नव्हतं. मी उठलो, पत्र मायरिगच्या हातात दिलं.

म्हटलं, "गा."

त्यानं पत्रावरची तारीखसुद्धा सुरात म्हटली. खोली आमेननं दणाणली. साहेबांनी आपल्याच कंपनीची सही दोनदा निरखली आणि वर्षभर गावाला स्वस्त वीज देऊन बघायला हो म्हटलं. कितीतरी हिवाळे गेले, ते एक वर्ष अजून संपलेलं नाही.

पुढच्या रविवारी मायरिग 'वीजवाला' झाला. मी 'कागदवाला'. अजून टोचतं.

यंदाच्या हिवाळ्यात मायरिग गेला. ओढा भरून वाहत असेल आणि तुम्ही विजेवर किटली ठेवाल, तेव्हा त्याची आठवण काढा. वीजवाला म्हणूनच काढा. माझी हरकत नाही. म्हणजे, फारशी नाही.