सारवलेलं खळं

वैशाखाचं ऊन डोंगरमाथ्यावरून उतरत होतं. पिवळं, प्रखर, निर्दय ऊन. करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी वाकल्या होत्या. कड्याच्या छातीवरचे झरे केव्हाच मुके झाले होते. त्या तृषार्त, तप्त, निःशब्द उतारावर करंबेवाडी जीव मुठीत धरून बसली होती.

अगदी वरचं घर सगुणाचं. तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भेग पडली होती.

गेल्या आषाढात ती केसाएवढी होती, भाद्रपदात बोटाएवढी झाली, माघात सगुणाचं पाऊल तिच्यात अडकलं. डोंगरच सरकत होता, कणाकणाने, न बोलता. तालुक्याचे साहेब वाडी पाहायला येणार होते. सगुणाच्या खळ्यातली भेग त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तर पावसाआधी सगळ्या वाडीला खाली सपाटीवर घरं मिळणार होती. सगुणाचा नवरा धाकू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्यालाही गाडीतून नेणार होते. तिची सारी आशा त्या एका दिवसावर होती.

पण पाहुणे येणार म्हटल्यावर तिचे हात स्वस्थ बसेनात. बाईची जातच अशी, घर जळत असलं तरी आधी उंबरा पुसून घेईल. तिने तांबडी माती आणली, भेगेत भरली, धुमसाने चोपली, वरून शेणाचा हात फिरवला.

"आत्या, भ्याग तर दाखवायची हाय ना?" सून मंजुळा म्हणाली.

"तोंडानं सांगू की! फुटक्या खळ्यात पाव्हन्याला उभं करतात व्हय गं?"

हिरवंगार, ओलसर, नितळ खळं. त्यावर शुभ्र रांगोळी. साहेब चपला काढून कडेला उभे राहिले, चहा प्याले.

"सायेब, हितं भ्याग हाय."

"कुठे, आजी?"

"थांबा, उकरून दावते." ती कुदळ आणायला वळली.

"राहू द्या हो. इतकं सुंदर अंगण कशाला बिघडवता?" ते हसून म्हणाले, त्यांनी फोटो काढला आणि उतार उतरून गेले.

वाडीला घरं मिळाली नाहीत.

मृगाच्या सरींनी माती धुऊन नेली. भेग पुन्हा उघडली, आता हातभर, काळीशार, खोल. सगुणा तिच्या काठावर बसून ढसाढसा रडली. कुणी तिला बोल लावला नाही, हेच तिला सोसवेना. लोक एकेक करून सोयऱ्याधायऱ्यांकडे निघून गेले. आषाढ लागला, ढग कड्यावरून खाली उतरू लागले, धूसर, जड, जलभारानं वाकलेले, तशी तिने मंजुळेचं बोचकं बांधलं.

"पोराला घेऊन म्हायेरी जा."

मंजुळेच्या माहेरी एकच खोली. धाकूला डोलीतून उतरवता आलं असतं, ठेवायचं कुठे?

"तू बी जा," धाकू आतून म्हणाला. "माझं काय, आज हाय, उंद्या न्हाय."

"गप पडा. तुम्हाला पानी कोन पाजील?"

मंजुळेने वाकून पाय धरले. दोघींना एकमेकींकडे पाहवेना. पोराला कडेवर घेऊन मंजुळा निघाली. चिखलाची वाट, पावसाची तिरपी झड, आणि मंजुळेच्या खांद्यावर डोलणारं एक लाल टोपडं. वळणावर पोराने मागे पाहिलं.

"आजे, ये ना!"

"आले रं, बाळा. तू हो म्होरं!"

आयुष्यात ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली.

मग ढग आला. आधी वाट गेली, मग मंजुळा गेली, मग लाल टोपडं गेलं. आणि त्या शुभ्र, शीतल, अथांग पोकळीतून "आजे, ये" एवढंच वर येत राहिलं, बारीक होत, बारीक होत.