पनवती ठरलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना निळा-पांढरा झेंडा आहे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका काकूंनी उरलेले निळे तुकडे आणि एक विरलेली चादर जोडून मला शिवले. तेव्हा काका म्हणाले होते, "संघ जिंको न जिंको, घरातल्या चिंध्या तरी संपल्या!"

आमच्या फुटबॉल संघाच्या प्रत्येक सामन्याला मी हजर असे. उन्हात विटलो, पावसात भिजलो, पण काकूंच्या हातात डौलाने फडकलो. "निळ्या झेंड्याखाली भेटू," असे लोक एकमेकांना सांगत. माझी छाती अभिमानाने फुगे.

पण अंतिम सामना आला की आमचे नशीब रुसे. पहिल्या वेळी शेवटची पेनल्टी खांबाला लागली. दुसऱ्या वेळी आमच्याच खेळाडूने चेंडू आमच्याच जाळ्यात मारला. तिसऱ्या वेळी दोन गोलांनी पुढे असताना आम्ही अखेरच्या दहा मिनिटांत तीन गोल खाऊन हरलो; शेवटचा चेंडू तर गोलकीपरच्या हातून सुटला. त्या दिवशी काकूंचे धाकटे दीर सर्वांसमोर म्हणाले, "वहिनी, हा झेंडा पनवती आहे. पुन्हा आणू नका."

घरी येऊन काकूंनी मला ट्रंकेच्या तळाशी ठेवले. मित्रांनो, तिथे मी सहा वर्षे काढली. कसरीने मला तीन भोके पाडली. त्याहून जास्त दुखत होता तो शब्द.

मग आमचा संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. सामन्याच्या सकाळी ट्रंकेचे झाकण उघडले.

"नेऊ का हो याला?" काकूंनी चाचरत विचारले. "भाऊजी चिडतील."

"चिडू देत," काका म्हणाले. "चेंडू गोलकीपरच्या हातून सुटला होता, झेंड्याच्या नव्हे."

काकूंनी माझ्या भोकांवर ठिगळे लावली आणि आम्ही निघालो. मला पाहताच दिरांनी कपाळावर हात मारून घेतला.

उत्तरार्धात प्रतिस्पर्ध्यांनी गोल केला. आजूबाजूच्या साऱ्या नजरा माझ्याकडे वळल्या. "सांगितलं होतं ना?" दीर ओरडले. माझी काठी खाली झुकली. वाटले, आता पुन्हा ट्रंक!

पण काकू ताडकन बाकावर चढल्या. "हरायचंच असेल तर झेंडा वर धरून हरू!" त्या गरजल्या आणि त्यांनी मला असे फडकावले की माझी जुनी शिवण उसवली.

पाच मिनिटे उरली असताना आमच्या बुटक्या कर्णधाराने बरोबरी साधली. लोक घसा फाटेपर्यंत ओरडू लागले. अखेरच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गर्दीतून एक डोके वर उसळले आणि जाळे हलले! जिंकलो! मित्रांनो, आम्ही जिंकलो!

काका-काकू लहान मुलांसारखे नाचत होते. दीर मात्र डोळे पुसत समोर उभे राहिले. "वहिनी, जरा माझ्याकडे द्याल?" मला खांद्यावर घेऊन त्यांनी सगळ्या मैदानाला फेरी मारली. परत आल्यावर म्हणाले, "फार शुभ झेंडा आहे हा! काचेच्या पेटीत ठेवू."

"काही नको," काकू हसून म्हणाल्या. "पनवती नव्हता, तसा शुभही नाही. मळलाय तेवढा. धुऊन टाकते. पुढच्या मोसमात लागेल."

मित्रांनो, हरल्याचे खापर मुक्या वस्तूवर फोडू नका, सोबत उभ्या राहिलेल्या माणसावर तर मुळीच नको. फाटले तर शिवा, मळले तर धुवा, आणि पुढच्या सामन्याला बरोबर न्या.