हिरव्यातलं हिरवं

कोशाच्या अळ्यांच्या राखणीला बसायला मला बावन्न वर्षांचं व्हावं लागलं. काम जड म्हणून नाही, बसायचंच काम आहे ते. पण आमच्या ढिवरांच्या गावात, आरमोरीहून आत जंगलात, येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रानरेशमाचा कोसा पोसायचा तो पुरुषांनीच, असा रिवाज. अंडी रेशीम केंद्रातून आणायची, पानांच्या द्रोणात घालून फांदीला बांधायची. अळ्या निघतात, पाला खातात, चार वेळा कात टाकतात आणि महिना-सव्वा महिन्यात स्वतःभोवती कोसा विणून आत बसतात. तोवर कावळे, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून त्यांना दिवसभर राखायचं. या दिवसांत माणूस अनवाणी जातो, आंघोळ केल्याशिवाय झाडाखाली पाय ठेवत नाही, डोक्याला तेल लावत नाही आणि ढिवर असून मासोळी खात नाही. आणि पाळी येणारी बाई त्या हद्दीत शिरत नाही.

माझी पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा मुखरूच्या, म्हणजे आमच्या घरधन्याच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "अळी दिसत नाई, कावळा दिसत नाई," तो सांगायचा. "बायको दिसते, ते बी आवाजावरून."

मी श्रावणभाऊंकडे गेले. राखण करणाऱ्या चौदा जणांत तेच मोठे, त्यांचा शब्द चालतो. मी म्हटलं, "आता मले कोणता विटाळ राह्यला नाई भाऊ. मुखरूची झाडं मले द्या."

बाकीचे हसले. भाऊ हसले नाहीत. बराच वेळ सुपारी चघळत बसले आणि म्हणाले, "एक पीक पाहू. नीट झालं तं झाडं तुह्याकडं. नाई झालं तं मंग कोन्याच बाईनं पुन्हा विचारू नोका."

मुखरूची झाडं खाली नाल्याकाठी होती, दाट पाल्याची. ती त्या चौदांतल्याच सुनिलनं घेतली आणि मला टेकाडावरचे अकरा येन मिळाले. पाला विरळ, ऊन भरपूर. एकच गोष्ट तिथं बरी होती, ती म्हणजे टावर. आख्ख्या जंगलात नेट चालेल एवढी फोनची रेघ लागायची ती त्या टेकाडावरच. मूल गावात राइस मिलमध्ये कामाला असलेल्या माझ्या मुलानं, गोपालनं, आपला जुना फोन मला दिला होता. "वाघ फिरून राह्यला आई, फोन जवळ असू दे." वाघासाठी म्हणून फोन आला. वाघ काही आला नाही.

पहिले दहा दिवस मी फोन पिशवीतून काढलाही नाही. अळ्या राईएवढ्या होत्या, माझा सगळा जीव डोळ्यांत होता. मग एक दिवस पाहिलं तर अळ्या खाणं सोडून, मान वर करून, गपचूप बसलेल्या. मेल्या की काय, असं वाटलं. हाक मारायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून फोनला विचारलं. माझ्या बोलीत विचारलं तर त्याला कळेना. मग पुण्याच्या बाईसारखं तोंड करून विचारलं, "अळी मान वर करून का थांबते?" लगेच उत्तर. कात टाकण्याआधी ती झोपते, तिला हलवू नका.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात ओतली की पुडीचा कागद सरळ करायचा आणि वाचायचा. बातमी अर्धीच असायची. कोणीतरी कोणाला तरी का मारलं ते कागद फाटल्यामुळे चाळीस वर्षं कळलेलं नाही. आणि आता हातात असा कागद, जो फाटतच नव्हता.

कोशातून निघणाऱ्या पाखराला तोंडच नसतं, हे मला फोननं सांगितलं. अळीनं खाल्लं तेवढ्यावर ते जगतं, अंडी घालतं आणि मरतं. संध्याकाळी मुखरूला सांगितलं तर म्हणे, "तिचा नवरा नशीबवान हाये."

मग रोजचं झालं. एक प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर दोन मिनिटांत संपायचं. पण खाली आणखी काहीबाही येऊन बसायचं, ते मी विचारलेलं नसायचं, आणि न विचारलेलं काही संपत नसे. पाखरावरून मी चंद्रावर जायचे, चंद्रावरून समुद्रावर, समुद्रावरून कुठल्यातरी सासू-सुनेच्या भांडणावर. ती सासू कुठली, सून कुठली, माझं त्यांच्याशी काय. पण कोण जिंकलं हे पाहिल्याशिवाय मान वर होत नसे. मी नाचगाणी पाहत नव्हते, ज्ञान घेत होते, असं मी स्वतःला सांगायचे. ज्ञानाचं हे बरं असतं, त्याची लाज वाटत नाही.

भादव्यातल्या त्या दुपारी अळ्या शेवटच्या टप्प्यावर होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, दिवसरात्र पाला खाणाऱ्या. या दिवसांत झाडाखाली सारखी टपटप चालू असते. अळ्यांची लीद वाळल्या पानांवर पडते त्याचा आवाज. बारीक पाऊस पडतोय असं वाटतं.

मला वाटलं, इतक्या हिरव्या पाल्यात इतकी हिरवी अळी मला शोधावी लागते, मग कावळ्याला वरून कशी दिसते? प्रश्न चांगला होता, कामाचाही होता. मी फोन काढला. पक्ष्याच्या डोळ्याला माणसापेक्षा जास्त रंग दिसतात म्हणे. आपल्याला एक हिरवा दिसतो तिथं त्याला दोन-तीन दिसतात. मग घारीचा डोळा. मग घुबडाचा. मग आंधळ्या माणसाला दिसायला लागलं ती गोष्ट, मुखरूसाठी म्हणून तीही पाहिली. मग काय पाहिलं ते आता आठवत नाही.

कावळ्यांनी काही आवाज केला नाही. मला कळलं ते आवाज थांबल्यामुळे. मागच्या बाजूची टपटप बंद होती.

उठून पाहिलं. टेकाडाच्या उतारावरच्या चार येनांवर पाला होता, अळी नव्हती. फांद्यांवर हिरवा चिकटा लागलेला, खाली अर्धवट तुटलेल्या दोन-चार वळवळत होत्या. शेवटचे दोन कावळे पाचव्या झाडावर सरकत होते, घाई न करता, पंगतीत दुसरं वाढप घ्यावं तसे. पक्ष्याला हिरव्यातलं हिरवं कसं दिसतं हे मी वाचत होते आणि तो मला ते करून दाखवत होता.

गुलेल मारली, ओरडले, डबा बडवला. माझा आवाज ऐकून खालून श्रावणभाऊ आणि सुनिल धावत आले. वाघ आला असं त्यांना वाटलं होतं. भाऊंनी चारही झाडं वरखाली पाहिली. फोन तोवर पिशवीत गेला होता. तो कधी ठेवला ते मलाच कळलं नाही, हात आपोआप चोरी करतो.

सुनिलनं झाडाभोवती एक फेरी मारली. "मी म्हनलं होतं. बाईचा पाय लागला."

"माह्या पायात काय उरलं आता?" मी म्हटलं.

"तुह्या नसन. घरी सून हाये ना?" तो भाऊंकडे वळला. "मांगच्या साली बी मुखरूभाऊचं पीक गेलं, तवा रंजीतानंच द्रोन ओलांडले होते."

रंजीता माझी सून, गोपालची बायको. बारावी शिकलेली. मागच्या वर्षी ती पाळीच्या दिवसांत अंड्यांचे द्रोण ओलांडून गेली असं कोणीतरी म्हटलं, मग सगळेच म्हणायला लागले, आणि वर्षभर तिच्या हातचं पाणी टाळायला काही घरं कारण काढायची. तिनं द्रोण ओलांडलेच नव्हते, असं ती एकदाच म्हणाली. मग गप्प बसली.

भाऊ म्हणाले, "उद्या सकाळी राखणीच्या मांडवात बसू. नारळ आना."

घरी गेले. मुखरूला सगळं खरं सांगितलं, फोनसकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू चूप राय."

"अन रंजीता?"

"विटाळ झाला म्हनलं का कोनी कोनाले बोलत नाई. नारळ फुटते, मिटते. फोनात मुंडकं घालून बसली होती म्हनशीन तं आपलं नाव जाईन."

"तिचं जात नाई काय?"

तो भिंतीला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "मांगच्या साली मी बी तेच केलो."

"काय केलं?"

"झोपलो होतो मी झाडाखाली. मोहाची घेतली होती थोडी. उठलो तं झाडं साफ. सुनिल म्हनला, घरी पाळी हाये का कोनाची. मी चूप राह्यलो."

चुलीजवळ रंजीता भाकरी थापत होती. आमचं घर काही मोठं नाही. तिनं ऐकलं असणार. भाकरीचा थाप-थाप आवाज जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी मुखरूवर ओरडणार होते. पण ओरडायचं कोणत्या तोंडानं? फोन तर माझ्या पिशवीत होता.

सकाळी मांडवात चौदा जण बसले होते. मधे नारळ. मांडव हद्दीच्या आतच, म्हणून रंजीता घरी. भाऊंनी नारळ उचलला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा भाऊ. हा नारळ देवाले लागत नाई. कावळ्यायनं अळ्या खाल्ल्या तवा मी फोन पाहून राह्यली होती."

"पोराचा फोन आला असन," कोणीतरी बाजू सावरली.

"पोराचा नाई आला. कावळ्याचे डोळे कसे असतात ते पाहून राह्यली होती. मंग घुबडाचे पाह्यले. तासभर."

एकदम हशा झाला. मला हसू आलं नाही. "आन मांगच्या सालचं मुखरू सांगन," मी म्हटलं.

हे मी त्याला आधी विचारलं नव्हतं. मुखरू चाचपडत उठला. त्याला समोरचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून कदाचित सोपं गेलं असेल. चार शब्दांत त्यानं सांगून टाकलं.

सुनिल म्हणाला, "मंग आता सगळे आपापले पाप सांगतीन का काय?"

"तू सांगतं काय?" भाऊंनी विचारलं. "काल खालून धावत आला तवा तुह्या कानात वायर होती. रेडिओवर कॉमेंट्री चालू होती ना?"

सुनिलनं जमिनीकडे पाहिलं. आणखी तिघा-चौघांनीही पाहिलं. मांडवाच्या जमिनीत एवढं पाहण्यासारखं काही नव्हतं.

भाऊंनी नारळ फोडलाच. आणलेला नारळ परत नेत नाहीत. मग म्हणाले, राखणीला फोन न्यायचा तो साधा, बटनांचा. वाघासाठी तेवढा पुरे. बाकीचे मांडवात खुंटीला. मासोळी चालत नाही, तेल चालत नाही, तसं हे. दोघं कुरकुरले. भाऊंनी पहिला आपला फोन टांगला, मग कुरकुर कमी झाली.

"आन माही झाडं?" मी विचारलं.

"सात उरली ना? पाला संपला असन तिथला. जा, अळ्या भरल्या फांद्यांवर सरकव."

एवढंच. दिली असं म्हणाले नाहीत, काढली असंही नाही.

पुढचे अकरा दिवस मी बटनांचा फोन घेऊन बसले. प्रश्न काही थांबले नाहीत. चाळीस वर्षं पुड्या वाचणारं डोकं ते, ते कुठं ऐकतं! हात दहादा पिशवीकडे जायचा. मग मी पदराला गाठ मारायला लागले. प्रश्न आला की एक गाठ, आणि डोळे परत फांदीवर. संध्याकाळी गाठी सोडत रंजीताला विचारायचे. पहिल्या दिवशी नऊ गाठी होत्या, त्यातल्या चार कशाच्या ते आठवेना.

"मंग त्या महत्त्वाच्या नसतीन आत्याबाई," रंजीता म्हणाली. मला ते पटलं नाही. पण गेलेल्या प्रश्नासाठी रडताही येत नाही. उरलेल्या पाचांची उत्तरं तिनं शोधली, दोनांची तिलाही सापडली नाहीत. माझ्याशी ती आता बोलायची. मुखरूशी कामापुरतंच. त्यानं एकदा तिच्यापुढे हात जोडले. तिनं ताट वाढलं आणि आत गेली. ते त्या दोघांचं आहे, मी मधे पडले नाही.

सातही झाडांवर कोसा लागला. मुखरूच्या चांगल्या सालासारखा नाही, पण लागला. फांद्यांना देठानं लटकलेले, अंड्याएवढे, कडक.

तोडणीच्या दिवशी आभाळ भरून आलं. कोसा भिजण्याआधी उतरवायचा तर हात कमी पडत होते. रंजीता दुपारची भाकर घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे हद्दीच्या दोराबाहेर थांबली. श्रावणभाऊ माझ्या झाडाखाली टोपली धरून उभे होते. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुढल्या पिकाले ह्या अकरा झाडांवर एकटी पुरशीन का तू?" त्यांनी मला विचारलं.

मी उरलेल्या फांद्यांकडे पाहिलं. "नाई पुरनार भाऊ."

ते दोराजवळ गेले आणि रंजीताला म्हणाले, "आज कोनता दिवस हाये ते मी पुसत नाई. तू बी सांगू नोको."

रंजीतानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या, दोर ओलांडला आणि माझ्या हातातला विळा घेतला. "वरच्या फांद्या मले द्या आत्याबाई," ती म्हणाली. "तुमचा हात पुरत नाई."