नॅनोवायर आणि खंडेनवमी

"हे सगळे तुम्ही बंद केलेत?" दक्षाने दारातूनच विचारले.

तलासरीच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब झेंडूच्या वासाने भरली होती. प्रत्येक मॉनिटरला हार, प्रत्येक कीबोर्डला हळदकुंकू, आणि पडदे मात्र काळे. शिपाई सुदाम पूजेचे ताट घेऊन मोठ्या समाधानात उभा होता.

"आज खंडेनवमी ना, मॅडम. हत्याराला इसावा द्यावा लागतो. आमचा बाबा आजच्या दिवशी कोयत्याला हात लावत नसे. पूजा पण करायची आन चालू पण ठेवायचा, तसा कसा चालेल?"

दक्षा मटकन खुर्चीत बसली. ती इथे भौतिकशास्त्र शिकवायची, रोज कैनाडहून यायची, आणि उरल्या वेळात पीएचडी करायची. विषय नॅनोवायर. केसापेक्षा हजारो पट बारीक तार, तिच्यातून वीज कशी वाहील ते कॉम्प्युटरवर मांडून पाहायचे. त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो, आणि तिचे घोडे तिथेच अडले होते. विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रावर नंबर लागेना. जिथे जिथे ईमेल केले तिथून उत्तरे गोड आली, मदत शून्य. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सुट्टीनंतर आकडे दाखवा, नाहीतर सोपा विषय घ्या."

'सोपा विषय' तिच्या डोक्यात गेला. प्राचार्यांचा पिच्छा पुरवून तिने दसऱ्याच्या सुट्टीपुरती ही लॅब मिळवली आणि एकेका कॉम्प्युटरला एकेका जाडीची तार नेमून दिली. लावणीला बायका शेताचे पट्टे वाटून घेतात, तसे.

अर्धाअधिक हिशेब झाला होता. आता सगळा पाण्यात. झालेले काम मध्येमध्ये साठवायची सोय होती, पण जुनी यंत्रे त्याने मंदावतात म्हणून तिनेच ती बंद ठेवली होती. तिला सुदामचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"काय नुकसान झाला का?" सुदामचा चेहरा उतरला.

"झालं."

"उद्या दसरा. सकाळीच येतो नि चालू करतो ना."

"उद्यापर्यंत थांबले तर हाती काहीच लागणार नाही, सुदामभाऊ. आत्ताच लावते."

"आज नाय, मॅडम. आज मी हात नाय लावणार."

"तुम्ही नका लावू."

तिने उरलेल्या सुट्टीचा अंदाज घेतला. जाड तारांना वेळ जास्त लागतो, त्या बसत नव्हत्या. सगळ्यात जाड तारेवर तिचा जीव होता. तिने सरांना फोन लावला.

"सर, जाड तारा सोडतेय. बारीक तेवढ्या होतील. विषय मात्र हाच राहील."

सरांनी किती तारा होतील ते विचारून घेतले. मग, "बरं. आणा, बघू."

दक्षा उठली. एकेक हार अलगद काढून टेबलावर ठेवू लागली, एकेक कॉम्प्युटर सुरू करू लागली. या वेळी साठवायची सोय चालू ठेवून.

सुदाम गेला नव्हता. उंबऱ्याबाहेर चपला काढून तो हात जोडून उभा होता आणि हळू आवाजात यंत्रांशीच बोलत होता, "बाईंचा काम अडलाय. रागवू नका. तिच्यावर तर नकाच."

तिच्या नॅनोवायरसाठी आजवर कोणी हात जोडले नव्हते. दक्षाला भरून आले. पुढच्या कॉम्प्युटरच्या बटणावर तिचे बोट होते, पण त्याचे बोलणे संपेपर्यंत तिने ते दाबले नाही.